सिक्खापद आणि शिक्षा
(वर्षावास प्रवचनमालेत दिलेले भाषण)



वर्षावासात दर रविवारी इथे एक प्रवचन होतं. आजचा विषय समितीनेच मला दिला, ‘धम्माचे नियम आणि माणसाचं पाप’. विषय मोठा आहे आणि माझा अभ्यास तेवढा नाही. पण हा विषय आत्ताच का निघाला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येतोय. जो उपासक दारू प्यालेला आढळेल त्याला पहिल्या खेपेला दंड, दुसऱ्या खेपेला सभासदांच्या यादीतून नाव कमी, आणि त्याच्या घरचं लग्न किंवा पुण्यानुमोदन विहाराच्या सभागृहात होणार नाही. ठराव आणणाऱ्या तरुणांची तळमळ खरी आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दर रविवारी आपण पाचवं शील घेतो आणि काहीजण त्याच संध्याकाळी ते मोडतात. तरुणांना चीड येते. यायलाच पाहिजे. तरी पण मी या ठरावाच्या बाजूने बोलायला उभा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. कोसंबीच्या बाजूला एका नागाचा मोठा उपद्रव होता. सागताने आपल्या तेजाने त्या नागाला नमवलं. नागाची गोष्ट कुणाला कपोलकल्पित वाटली तर त्याने ती बाजूला ठेवावी, मुद्दा पुढेच आहे. सागताची कीर्ती झाली. कोसंबीच्या उपासकांना वाटलं, भन्तेंना काहीतरी दुर्मिळ, आवडीचं दान द्यावं. संघात सहा खट्याळ भिक्खूंचं एक टोळकं होतं, विनयात ते जागोजागी भेटतं. त्यांनी सुचवलं, भिक्खूंना निवळ दारू मिळत नाही, ती तयार ठेवा. दुसऱ्या दिवशी सागत भिक्षेला निघाला आणि घरोघर त्याला पेला पुढे केला गेला. तो प्रत्येक घरी प्याला. शहराबाहेर पडताना वेशीपाशीच कोसळला.

थोड्या वेळाने भगवान बुद्ध भिक्खूंसह त्याच वेशीतून निघाले. सागत पडलेला दिसला. बुद्धांनी काय केलं? ते म्हणाले, याला उचलून घ्या. भिक्खूंनी त्याला आरामात नेलं आणि बुद्धांकडे डोकं करून निजवलं. नशेत त्याने कूस बदलली आणि बुद्धांकडे पाय करून पसरला. तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना विचारलं की हा सागत आधी तथागतांशी आदराने वागत असे की नाही? नागाशी झुंजला की नाही? आणि आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल का? एवढी विचारणा झाल्यावर त्यांनी नियम घातला की भिक्खूने मद्य पिऊ नये.

बांधवहो, माझ्या मनात ठसलं ते हे की आधी उचलला, मग नियम केला.

आता या नियमाचा दर्जा बघा. भिक्खूंच्या पातिमोक्खात २२७ नियम आहेत. त्यांपैकी फक्त चार असे, की ते मोडले तर भिक्खूपण संपतं: मैथुन, चोरी, मनुष्यहत्या, आणि नसलेल्या सिद्धीची खोटी बढाई. यांना पाराजिक म्हणतात. मद्यपान त्यांत नाही. ते ‘पाचित्तिय’ या वर्गात येतं. म्हणजे काय, तर दुसऱ्या भिक्खूजवळ जाऊन, माझ्याकडून हे घडलं असं तोंडाने कबूल करायचं आणि पुढे सावध राहायचं. दंड नाही, हकालपट्टी नाही. शिवाय विनयाचा सर्वसाधारण दंडक असा की ज्याच्यामुळे नियम झाला त्या पहिल्या माणसाला तो नियम लागू होत नाही, त्याला ‘आदिकम्मिक’ म्हणतात. म्हणजे सागताला आपत्तीच लागली नाही. आणि याच सागताचं नाव अंगुत्तर निकायात तेजोधातूत कुशल भिक्खूंमध्ये अग्र म्हणून आलेलं आहे. त्याचं नाव कुणी यादीतून काढलं नव्हतं!

हे झालं भिक्खूंचं. आपण तर उपासक. आपण पंचशील घेतो तेव्हा प्रत्येक शिलाच्या शेवटी ‘सिक्खापद’ हा शब्द येतो आणि त्यानंतर ‘समादियामि’, म्हणजे मी ग्रहण करतो. दुसरा कुणी मला बजावत नाही, मीच माझ्या तोंडाने घेतो. आणि सिक्खा म्हणजे शिकणं. आपल्या मराठीत गंमत झाली आहे. ‘शिक्षण’ म्हणजे शिकणं, पण ‘शिक्षा’ म्हणजे मार. शाळेत छडी खाल्लेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शब्द एकाच घरातले, पण आपण सिक्खापद ऐकतो आणि मनात शिक्षेचा अर्थ घेतो. हा ठराव त्या चुकीतून आला आहे असं मला वाटतं.

कुणी विचारेल, उपासकाविरुद्ध संघाकडे काहीच उपाय नव्हता का? होता. त्याला ‘पत्तनिकुज्जन’ म्हणतात, भिक्षापात्र पालथं करणं. त्या उपासकाच्या हातचं दान संघाने घ्यायचं नाही. वड्ढ नावाच्या लिच्छवीने दब्ब या निर्दोष भिक्खूवर, माझी बायको भ्रष्ट केली असा खोटा आळ घेतला. संघाने पात्र पालथं केलं. आनंदाने ते वड्ढाला जाऊन सांगितलं तेव्हा तो जागीच बेशुद्ध पडला. मग बायकामुलांसह, ओल्या वस्त्रांनी येऊन त्याने चूक कबूल केली आणि संघाने पात्र पुन्हा सुलटं केलं. हा उपाय कुठे वापरायचा याची आठ कारणं दिली आहेत. भिक्खूंचं नुकसान करू पाहणं, त्यांना शिवीगाळ, त्यांच्यात फूट पाडणं, बुद्ध-धम्म-संघाची निंदा, अशी ती कारणं आहेत. स्वतःच्या शिलात घसरणं हे त्यांत नाही. दुसऱ्याला इजा करणं आणि स्वतः घसरणं, या दोन गोष्टी बुद्धांनी एका मापाने मोजल्या नाहीत. आपला ठराव मात्र मोजतो.

आता मागे वळून जरा आपला इतिहास बघू. पापाचा कायदा आपल्याला नवा नाही, आपल्या आजापणजांनी तो पाठीवर सोसला आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. कुणाचं काय बिघडलं? तळं आटलं का? पण धर्मशास्त्राच्या हिशेबी ते पाप झालं, तळं बाटलं, आणि मग १०८ घागरींचा पंचगव्याचा विधी करून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. म्हणजे जिथे कुणाला इजा नाही तिथे पाप, आणि त्या दिवशी सभेहून परतणाऱ्या लोकांना मारहाण केली, डोकी फोडली, त्याला मात्र प्रायश्चित्त नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती यासाठी. थेरीगाथेत पुण्णिका नावाची थेरी आहे, पूर्वाश्रमीची अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारलं की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवं, मगरी सगळ्या आधी स्वर्गात गेल्या असतील ना? आणि पाण्याने पाप वाहून जात असेल तर पुण्यही नाही का वाहून जाणार? ही त्या काळच्या एका दासीची बुद्धी आहे!

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली जे भाषण लिहिलं, जे देऊ दिलं गेलं नाही, त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला आहे. नियम सांगतो, हे कर, असं कर. तत्त्व माणसाला विचार करायला लावतं आणि केल्या कृत्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतं. नियमांचाच धर्म झाला की जबाबदारी मरते. दंडाची पावती फाडली की माणूस मोकळा. आमच्या ठरावात पहिल्या खेपेला दंड आहे. तो भरला की पापाचं काय झालं? ते विहाराच्या तिजोरीत जमा झालं का? पंचगव्य आणि पावती यांत मला फारसा फरक दिसत नाही.

हे मी पोथीतलं बोलतोय असं वाटेल, म्हणून स्वतःचं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका विहाराचा चिटणीस होतो. गाव सांगत नाही. असाच ठराव आम्ही केला होता आणि तो माझ्याच हस्ताक्षरात होता. पहिलं नाव ज्याचं निघालं तो जयंतीला लायटिंगचं काम फुकट करणारा माणूस. वंदनेला सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसायचा. आम्ही फळ्यावर नोटीस लावली. तो आला, उभ्यानेच वाचली आणि गेला. त्याची धाकटी मुलगी पुढे बसून खणखणीत आवाजात त्रिशरण म्हणायची, तीही यायची थांबली. आम्हाला वाटलं, वचक बसला.

बऱ्याच वर्षांनी तो मला एस.टी. स्टँडवर भेटला. मी काहीतरी ओशाळं बोललो. तो रागावला नाही. म्हणाला, “साहेब, तुम्ही नाव काढलं ते एका परीने बरंच झालं. आधी रविवारी शील घ्यायचो तर पिताना लाज वाटायची. नंतर शीलच घेत नव्हतो, मग लाज कशाची?” त्याच्या मंडळींची गाठ पुढे पडली तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, आठवड्यात एक रविवारची सकाळ तेवढी तो अंघोळ करून, पांढरा सदरा घालून शुद्धीवर असायचा. तुम्ही तीपण घेतलीत.”

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण याचा अर्थ नियमच नको असा कुणी काढू नये. दारू पिऊन जो बायकोवर हात उगारतो, त्याच्याबाबतीत ‘बिचारा घसरला’ म्हणून आपण करुणा दाखवत बसलो तर ती करुणा त्या बाईच्या अंगावरचे वळ झाकायच्या कामाला येईल. अंगुलिमालाची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो, बुद्धांनी दरोडेखोराचा भिक्खू केला. पुढची गोष्ट सांगत नाही. पुढे तो भिक्षेला गेला की लोकांच्या दगडांनी त्याचं डोकं फुटायचं, पात्र फुटायचं. बुद्धांनी त्याला सांगितलं, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. आणि त्याला चीवरात पाहून लोक घाबरले, बोलू लागले, तेव्हा बुद्धांनी नियम केला की असा उघड दरोडेखोर यापुढे प्रव्रजित करू नये. एका माणसाचं मन बदललं, ते नियमाने बदललं नव्हतं. पण बाकीच्या लोकांना निर्धास्त झोप यावी म्हणून नियम लागलाच.

अजातशत्रूने बापाला मारलं आणि एका चांदण्या रात्री बुद्धांपुढे येऊन ते कबूल केलं. बुद्धांनी कबुली स्वीकारली. आर्यविनयात चूक ओळखून ती कबूल करणं आणि पुढे संयम ठेवणं हीच वाढ आहे, असं त्याला सांगितलं. पण तो उठून गेल्यावर भिक्खूंना म्हणाले, याने पित्याला मारलं नसतं तर आज याच आसनावर याला धम्मचक्षू लाभला असता. कबुलीने बिंबिसार परत येत नाही.

म्हणून मारहाणीचा प्रश्न विहाराने ‘घरातलं भांडण’ म्हणून मिटवू नये. तिथे देशाचा कायदा आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्या बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे, पोलिसात घेऊन जाण्याचं काम समितीने करायचं आहे. तिला परत पाठवून ‘मैत्री भावना ठेव’ सांगणं हे काम नाही. असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे.

तेव्हा येत्या सभेत मी ठरावाला दुरुस्ती मांडणार आहे. दंडाचं कलम गाळावं. नाव कमी करण्याचं आणि सभागृह नाकारण्याचं कलम गाळावं. लग्न मुलीचं असतं, पुण्यानुमोदन मेलेल्याचं असतं, त्यांनी काय केलं? जो पितो त्याने पदाधिकारी होऊ नये, हे राहू द्या. नशेत कुणी आला तर वंदना संपेपर्यंत दोघांनी त्याला बाहेर ओट्यावर घेऊन बसावं, एकट्याला घालवू नये. महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, ज्याला बोलायचं आहे त्याने भन्तेजींजवळ किंवा एखाद्या वडीलधाऱ्या उपासकाजवळ खासगीत बोलावं, त्याची वहीत नोंद नको. आणि कुणाच्या घरी मारहाण होत असेल तर महिला मंडळाने समितीची परवानगी न विचारता त्या घरी जावं.

दुरुस्ती पडली तरी माझी तक्रार राहणार नाही. पण पडली, तर नोटीस लिहिण्याचं काम यावेळी माझ्याकडे देऊ नका, एवढी विनंती आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.