छोट्या बॅटरीचे काम हलके समजू नका
(दिल्ली परिसरातील मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्ही.टी. ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. तेव्हापासून आपण रेल्वेवाले विजेशी संसार करीत आहोत. आता रस्त्यावरचा ट्रकही विजेवर आला. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेतून अशा ट्रकांना अनुदान जाहीर केले आणि सुमारे १,१०० ट्रक दिल्लीसाठी धरले. उद्या आपली पार्सले आणि टपालाच्या थैल्या त्यातून येऊ लागल्या तर नवल नाही. देखभालही कामगाराच्याच गळ्यात पडणार. म्हणून हे दोन शब्द.

गाझियाबादच्या शेडमधले साथी जाणतात, की डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असली तरी इंजिन आपणहून उठत नाही. आधी ११० व्होल्टची बॅटरी छोटा कॉम्प्रेसर चालवते, हवा भरते, पेंटोग्राफ वर जातो, मग तारेची वीज आत येते. बॅटरी उतरली, की सहा हजार अश्वशक्तीचे इंजिन जागच्या जागी उभे.

ट्रकचेही तसेच. मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची. पण तिचे कॉन्टॅक्टर जोडायला छोटी बॅटरी लागते. अवजड ट्रकमध्ये ती बहुधा २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन. ती बसली, तर मोठी भरलेली असूनही ट्रक हलत नाही.

साहेब म्हणतात, "चोवीस व्होल्टच ना? कुणाही पोराला सांगा!" आम्ही म्हणतो, थांबा. चोवीस व्होल्टचा झटका सहसा बसत नाही हे खरे, पण पाना आणि अंगठी मिळून दोन्ही टोके जोडली गेली तर हातातली अंगठी तापून लाल होते. एका शेडमध्ये ठेकेदाराकडच्या एका साथीचे बोट असेच भाजले. तो कायम नोकरीत नव्हता, म्हणून साधी नोंदही झाली नाही.

तेव्हा ध्यानात ठेवा. चाकांना अडण लावा. चार्जर काढा. चावी काढली तरी काही ट्रकांत मोठी बॅटरी छोटीला आपोआप चार्ज करीत राहते. म्हणून कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वीज तोडा आणि सांगितला तेवढा वेळ थांबा. नारिंगी केबलला हात लावू नका. घड्याळ, अंगठी काढा. विडी दूर ठेवा, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. सोडताना ऋण टोक आधी, जोडताना धन टोक आधी. दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदला. जुनी नवीला घेऊन बुडते.

आमची मागणी साधी आहे. प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्या. हातमोजे, चष्मा आणि इन्सुलेशनचे पाने द्या. पुस्तक हिंदीत व मराठीत द्या. जखम कुणालाही होवो, कायम असो वा ठेक्यावरचा, तिची नोंद त्याच दिवशी करा. हे मिळेपर्यंत अप्रशिक्षित माणसाला त्या कामावर पाठवू देऊ नका. आपल्यातला जो जाणता असेल, त्याने शेजारच्याला शिकवावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!