कणगीतला उंदीर आणि थकलेला राखणदार

आम्ही खडवलीहून बोलतोय.

पाऊस लागला, भातसा गढूळ झाली, की आपल्याकडे कावीळ हा शब्द कानावर यायला लागतो. मग कोणी गळ्यात माळ घालून येतं, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवून घेतं. बरंही वाटतं. कारण खराब पाण्यातून येणारी ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते, आणि श्रेय मिळतं माळेला. गरोदर बाईला मात्र ई कावीळ जिवावर बेतू शकते, तेव्हा तिथे माळेवर थांबू नका.

आज आम्ही बोलणार आहोत ते वेगळ्या काविळीबद्दल, हिपॅटायटिस बी बद्दल. ही पाण्यातून येत नाही, आणि पुष्कळदा अंग पिवळंही होत नाही.

विषय निघाला तो असा. आमच्यातल्या एकीची भाची गरोदर आहे. पाचव्या महिन्यात रक्त तपासलं तर 'बी' निघाली. घरात पहिला प्रश्न आला, "हिनं हे आणलं कुठून?" दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट वेगळं. ती रडत म्हणाली, "मावशी, मला तर कधी कावीळ झालीच नाही गं." तिला उत्तर द्यायचं म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचलं. ते आज तुम्हाला सांगतो.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काहींना टी पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्या परिपक्व होतात, म्हणून हे नाव. विषाणू एखाद्या पेशीत शिरला, की ती पेशी त्याचे तुकडे आपल्या दारावर टांगते. टी पेशी दारोदार फिरते, तो तुकडा ओळखते आणि त्या पेशीलाच मारते. ही ओळख कशी पटते, हे शोधून काढल्याबद्दल पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांना १९९६ साली नोबेल मिळालं.

आता कणगीत उंदीर शिरला असं समजा. उंदीर मारायचा तर कणगी फोडावी लागते. बी चा विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, पण तो स्वतः त्या पेशीचं फारसं नुकसान करत नाही. नुकसान होतं ते आपल्याच टी पेशींच्या हल्ल्यातून. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर हा हल्ला जोरात होतो, काविळीनं डोळे पिवळे होऊ शकतात आणि बहुतेकदा विषाणू हरतो. १०० मोठ्या माणसांत ५ पेक्षा कमी जणांच्या अंगात तो कायमचा राहतो.

बाळाचं उलटं असतं. बाळंतपणाच्या वेळी आईकडून लागण झाली, तर १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो राहून जातो. बाळाच्या टी पेशी अजून शिकत असतात, त्या जोरानं उठतच नाहीत. पुढे वर्षानुवर्षं समोर विषाणूच विषाणू. रात्रंदिवस हाकारे घालून शेतावरच्या राखणदाराचा आवाज बसावा, तशा त्या थकतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो, तो लागून राहतो. शरीर हा ब्रेक लावतं त्यालाही कारण आहे. सगळ्या कणग्या एकदम फोडल्या तर घरच उरणार नाही.

म्हणून भाचीला कधी कावीळ झाली नाही. तिच्या टी पेशी लढल्याच नव्हत्या. आणि बहुधा हे तिला तिच्या आईकडून, जन्मतानाच मिळालं. तिच्या आईला आजीकडून मिळालं असेल. यात कोणाचा दोष काढणार?

पण गप्प बसलेला रोग म्हणजे गेलेला रोग नव्हे. तरुणपणी टी पेशींना मधूनच जाग येते, अर्धवट चकमकी होतात, यकृतावर वण पडत जातात. पुढे सिरॉसिस किंवा कॅन्सर होऊ शकतो. अमिताभ बच्चन यांनी स्वतःच जाहीर सांगितलंय, की १९८२ साली 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना बी ची लागण झाली. कळलं कित्येक वर्षांनी. तोवर यकृताचा पाऊण हिस्सा निकामी झाला होता.

मग करायचं काय? राखणदार थकण्याआधीच त्याला चोराची ओळख करून द्यायची. लस तेच करते. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली मात्रा, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. आई 'बी' असेल तर बाळाला शक्य तिथे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देतात. आईच्या रक्तात विषाणू फार असतील तर शेवटच्या महिन्यांत तिला गोळ्या देतात. बाळाला लस दिली की अंगावर खुशाल पाजावं.

मोठ्यांसाठी २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी प्रकारची कावीळ साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. बी ची गोळी मात्र विषाणूला दाबून ठेवते. त्याचं मूळ पेशीच्या गाभ्यात लपून राहतं. म्हणून बरं वाटलं तरी मनानं गोळी बंद करू नका. विषाणू उसळतो आणि टी पेशी एकदम तुटून पडतात. स्टेरॉइड किंवा कॅन्सरचे उपचार सुरू करण्याआधीही डॉक्टरांना 'मला बी आहे' असं सांगाच.

एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं ही लागत नाही. लागते ती रक्तातून, शरीरसंबंधातून, एकाची सुई दुसऱ्याला वापरल्यानं. जत्रेत गोंदवताना, कान टोचताना सुई नवी आहे ना, ते बघा. घरात एकाचं ब्लेड आणि टूथब्रश दुसऱ्यानं वापरू नये. नवऱ्याचं आणि सासरच्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या.

भाचीची तारीख जवळ आली आहे. 'बाळाला जन्मताच बी ची लस' असं तिच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय. सासूबाईंना आम्ही हीच कणगीची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. पण परवा गेलो तेव्हा सुनेचं ताट सगळ्यांच्या ताटांत होतं.

तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर आजच आशाताईंना विचारा, 'बी' ची तपासणी झाली का?