निळ्या दिव्याचें तेज



किडलेला दांत भरून घेण्यासाठीं दंतवैद्याकडे गेलेल्या बहुतेकांना तेथला छोटासा निळा दिवा ठाऊक असेल. दांताच्या रंगाचा मऊ लेप पोकळींत भरावयाचा, त्यावर कांहीं सेकंद निळा प्रकाश धरावयाचा, कीं लेप कठीण झालाच! या लेपास कॉम्पोझिट म्हणतात. त्यांत बहुधा कॅम्फरक्विनोन नांवाचें पिवळें द्रव्य अल्प प्रमाणांत मिसळलेलें असतें. सुमारें ४६८ नॅनोमीटर लांबीच्या निळ्या प्रकाशलहरी तें विशेषेंकरून शोषून घेतें, आणि मग लेपांतील सुटे रेणू एकमेकांस जोडले जाऊन त्यांचें जाळें विणलें जातें. प्रकाश कमी पडला तर हें जाळें विरळ राहतें.

खरी अडचण पुढेंच आहे. प्रकाश अपुरा असला तरी भरणाचा वरचा थर टणक होतो; डॉक्टरांनीं हत्याराच्या टोकानें टोचून पाहिलें तरी शंका येत नाहीं. मऊपणा राहतो तो तळाशीं, आणि तो उघडकीस येतो पुष्कळ काळानें, कडेनें पुन्हां कीड शिरल्यावर किंवा भरण निखळल्यावर. बरें, दिवा मंदावला हें डोळ्यांनीं तरी ओळखावें? तेंही साधत नाहीं. त्या प्रखर प्रकाशानें डोळे दिपतात, आणि निम्म्यावर आलेला दिवाही पूर्वीइतकाच तेजस्वी भासतो.

पूर्वी हे दिवे हॅलोजनचे असत. अजूनही कोठें कोठें आहेत. त्यांच्या तारेंतून निघणाऱ्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेंतच जातो. त्या उष्णतेनें मागचा आरसा काळवंडतो, निळी कांच तडकते, दिव्याची कांचही धुरकट होते. शिवाय विजेचा दाब उतरला कीं प्रकाशही उतरतो. १९९३ साली जपानमध्यें शुजी नाकामुरा यांनीं तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला (२०१४ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा आहे), आणि पुढें दंतवैद्यांचा दिवाही पालटला. एलईडी हजारों तास टिकतो. परंतु दिव्याचें टोंक तेंच राहिलें! त्यावर लेपाचा कण चिकटून वाळला, तें पडून आंतले कांचतंतु तुटले, किंवा स्वच्छतेसाठीं घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीची शिवण नेमकी प्रकाशाच्या वाटेंत आली, तर नवा दिवाही दुबळा ठरतो.

अंतराचीही गोष्ट अशीच. दाढेंतील पोकळीचा तळ टोंकापासून कित्येक मिलिमीटर दूर असतो आणि तोंवर प्रकाश फांकतो. म्हणून लेप सामान्यतः दोन-दोन मिलिमीटरांच्या थरांनीं भरतात. दर चौरस सेंटिमीटरला ४०० मिलिवॉट तेजाचा दिवा ४० सेकंद धरला तर १६ जूल शक्ति पोहोंचते. तेज २०० वर आलें तर तेवढ्याच शक्तीसाठीं ८० सेकंद हवे. हा त्रैराशिकाचा हिशेब सर्वस्वी बिनचूक नव्हे, पण दिशा दाखवावयास पुरेसा आहे.

उपाय म्हणजे मोजणें. रेडिओमीटर नांवाचें लहानसें यंत्र त्यासाठीं मिळतें. दोन निरनिराळ्या यंत्रांचे आंकडे क्वचितच जुळतात. तेव्हां दिवा नवा असतांना आलेला आंकडा टिपून ठेवून, पुढें त्याच यंत्रावर त्याच दिव्याची त्याच्याशींच तुलना करावी, हें मला अधिक शहाणपणाचें वाटतें.

आतां उरला हात. कॅनडांतील डलहौसी विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड प्राइस व त्यांचे सहकारी यांनीं कृत्रिम तोंडांतील दांतांत प्रकाशमापक बसवून डॉक्टरांच्या व विद्यार्थ्यांच्या हातांची परीक्षा घेतली. दिवा एकच, वेळ एकच; पण निरनिराळ्या हातांनीं पोहोंचविलेल्या प्रकाशांत मोठी तफावत निघाली. कारण साधें आहे. निळा प्रकाश डोळ्यांच्या पडद्यास अपायकारक, म्हणून डॉक्टर मान वळवितात, आणि तेवढ्यांत टोंक दाढेवरून सरकतें. नारिंगी चष्मा लावला म्हणजे निळा प्रकाश अडतो आणि टोंक कोठें आहे तें शेवटच्या सेकंदापर्यंत पाहतां येतें.