बाप की तो?

मित्रांनो, गिरगावच्या ऑपेरा हाऊससमोर आपण बस पकडतो. पण ऑपेरा म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. म्हणून एक सांगतो.

'आयदा'. व्हेर्दीचा. १८७१ला कैरोत पहिल्यांदा झाला. इथिओपियाची राजकन्या इजिप्तमध्ये गुलाम झालेली. जीव जडला तिथल्याच सेनापतीवर. कैदेतला बाप तिला म्हणतो, फौजेची वाट त्याच्या तोंडून काढ. ती काढते. पुरोहित सेनापतीला जिवंत गाडतात. ती आधीच त्या भुयारात जाऊन बसलेली असते.

रसिक रडतात. मी विचारतो, ही कोंडी केली कुणी? प्रेमानं नाही. गुलाम करणाऱ्यांनी, निवाडा देणाऱ्यांनी.

नगर जिल्ह्यात, खर्ड्याला २०१४ साली १७ वर्षांचं आपलं पोर मारून झाडाला टांगलं. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय. २०१७ला आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते.

बाबासाहेबांनी १९३६लाच सांगितलं : जात मोडायचा खरा इलाज आंतरजातीय लग्न. आणि माझ्या बहिणीनं मातंग मुलगा निवडला, तेव्हा नायगावच्या खोलीत मीच तिला विचारलं, 'बाप की तो?'

दोस्तांनो, तो पुरोहित माझ्यातच बसला होता. तुमच्यातला शोधा.