गाडी चालू होत नाही तेव्हा

बॉनेट उघडलं की चार पुरुष गोळा होतात आणि आपण आपोआप मागे सरतो. इथे वर्सोव्यातच एक बाई नवऱ्याचा मार खाऊन रात्री दोन मुलांसह जुन्या मारुतीत येऊन बसली. गाडी चालू होईना. ती परत वर गेली. नंतर कळलं, बॅटरीची वायर सैल होती!

म्हणून आधी बॅटरी. किल्ली फिरवल्यावर नुसतं कटकट वाजतं, दिवे मिणमिणतात? टर्मिनल पाहा. खाऱ्या हवेत त्यांवर पांढरी-हिरवी पूड लवकर चढते. आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा. जोडताना मायनस शेवटी.

इंजिन फिरतं पण पेटत नाही, तेही भर दुपारी? कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची नळीतच वाफ होते. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचे टॅक्सीवाले (शेवटची २०२३ साली गेली) पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकत.

गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. अर्धा तास थांबा, गोळा झालेले काहीही सांगोत.

दहाचा पाना डिकीत असू द्या. आता खाली चला, गाडी उभी आहे. पदर, ओढण्या खोचून घ्या. पंख्याच्या पट्ट्यात अडकतात.