अच्छाडहून परळ किती लांब?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गुजरातची हद्द लागण्याआधी तलासरी तालुक्यातलं अच्छाड येतं. इथल्या माणसाला कर्करोगाचं निदान झालं, की बहुतेकदा एकच नाव सुचवलं जातं: परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय, सन 1941 पासूनचं.

देशात कर्करोगाची किती केंद्रं हवीत? साधारण 10 लाख लोकांमागे किरणोपचाराचं एक यंत्र, असा एक ढोबळ हिशेब मांडतात. सन 2011 च्या जनगणनेत तलासरीत दीड लाख, डहाणूत चार लाख लोक होते. म्हणजे दोन्ही तालुक्यांच्या वाट्याला जेमतेम अर्धं यंत्र! पण अर्धं यंत्र बसवता येत नाही, आणि माझ्या मते इथेच लोकसंख्येचा हिशेब अपुरा पडतो. किरणोपचार अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने डहाणू रोडहून लोकल धरून इतके दिवस ये-जा कशी करायची? घरी मुलं कोण सांभाळणार?

अवघड शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रातच व्हाव्यात. रोजच्या सरावाने तिथले हात तयार झालेले असतात. पण तोंडाची, स्तनांची तपासणी, ठरलेल्या केमोथेरपीचे पुढचे डोस, वेदनाशमन हे जिल्ह्यात, तालुक्यात होऊ शकतं. सन 2012 मध्ये सुरू झालेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या केंद्रांना एकत्र जोडतं, ते गावाजवळही चांगले उपचार मिळावेत म्हणूनच. तोंडात न भरणारी जखम तीन आठवडे राहिली, तर तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात लगेच दाखवा.