ऑफिस सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणि जुन्या मराठी फायली

पत्रे, तक्ते आणि हिशेब तयार करणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला ठरावीक आयुष्य असते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशी आवृत्ती चालू राहते. मात्र तिला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळत नाहीत.

आवृत्ती बदलताना जुन्या मराठी फायलींचीही काळजी घ्यावी लागते. हिंगोली जिल्ह्याचेच उदाहरण घ्या: हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या काळी संगणकावरचे मराठी टंकलेखन बहुधा युनिकोडपूर्व फाँटमध्ये होत असे. अशा फायलीत बहुतेक इंग्रजी अक्षरांचेच संकेतांक साठवलेले असतात. फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. नव्या संगणकावर तो फाँट नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र संकेतांक आहेत, म्हणून त्यातला मजकूर एका फाँटवर अवलंबून राहत नाही.

जिल्ह्याच्या हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतील कार्यालयांना आणि शाळांना आवृत्ती बदलताना पुढील क्रम उपयोगी पडेल. प्रथम सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व जुने फाँट जपून ठेवावेत. नव्या आवृत्तीला लागणारी मेमरी आणि विंडोजची आवृत्ती संगणकावर आहे का, ते तपासावे. त्यानंतर जुनी आवृत्ती काढून नवी बसवावी. परवान्याचा खर्च परवडत नसल्यास लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते. शेवटी जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे, रफार आणि आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. ही पडताळणी पूर्ण होईपर्यंत मूळ फायली पुसू नयेत.